सायनोव्हियल पडदा आणि तिशीत गेलेला डॉक्टर

गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला की हातात एक रिपोर्ट येतो. त्यात बऱ्याचदा एक शब्द असतो : सायनोव्हियल थिकनिंग किंवा सायनोव्हायटिस. रुग्ण घाबरतो. घरातले कोणीतरी मोबाइलवर शब्द शोधते आणि भीती आणखी वाढते. खरे तर या शब्दाचा अर्थ सोपा आहे. आपल्या सांध्यांच्या आत एक पातळ, ओलसर पडदा असतो. त्याला सायनोव्हियल मेंब्रेन किंवा नुसते सायनोव्हियम म्हणतात. तो जाड झाला, सुजला, एवढेच रिपोर्टला सांगायचे असते.

शब्द मात्र विचित्र आहे. शरीरशास्त्रातले बहुतेक इंग्रजी शब्द ग्रीक किंवा लॅटिन भाषेतून आले आणि त्यांचे मूळ चटकन सापडते. मेंब्रेन हा शब्दच पाहा. लॅटिनमध्ये मेंब्रम म्हणजे अवयव, आणि अवयवावरचे पातळ कातडे ते मेंब्राना. लिहिण्यासाठी कमावलेल्या चामड्यालाही रोमन लोक मेंब्रानाच म्हणत. सायनोव्हियाचे तसे नाही. हा शब्द सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या बंडखोर वैद्याने वापरात आणला. नवनवे शब्द घडवण्याची त्याला हौस होती. अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा चिकट द्रव, म्हणून ग्रीक ‘सिन’ म्हणजे सह आणि लॅटिन ‘ओव्हम’ म्हणजे अंडे यांची जोड, अशी व्युत्पत्ती पाठ्यपुस्तकात देतात. शब्दकोशकारांना मात्र ती पुरती पटत नाही. त्यांच्या मते हा पॅरासेल्ससने मनानेच बनवलेला शब्द असावा. त्याने तो केवळ सांध्यातील द्रवासाठी वापरलाही नव्हता. शरीराच्या वेगवेगळ्या भागांना पोसणाऱ्या रसासाठी तो वापरला होता. पुढे अर्थ आक्रसत गेला आणि सांध्यातले वंगण तेवढे सायनोव्हिया उरले.

द्रवाला नाव मिळाले, पण तो येतो कोठून? 1691 साली क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज डॉक्टरने हाडांवर एक ग्रंथ लिहिला आणि सांगितले की सांध्यात बारीक ग्रंथी असतात, त्यांतून हे वंगण पाझरते. पुढची शंभर वर्षे बहुतेकांनी हेच मानले. मग पॅरिसमधील एका तरुण डॉक्टरने सांधे उघडून बारकाईने पाहिले आणि निष्कर्ष काढला की वंगण ग्रंथींतून येत नाही. सांध्याला आतून अस्तरासारखा लागलेला अख्खा पडदाच तो पाझरवतो. या पडद्याला स्वतंत्र ओळख मिळाली ती तेव्हा. त्या डॉक्टरचे नाव झाविए बिशा. त्यांना उणीपुरी तीस वर्षे आणि आठ महिन्यांचे आयुष्य मिळाले. तेवढ्यात त्यांनी वैद्यकशास्त्राला शरीराकडे पाहण्याची नवी रीत दिली.

डॉक्टरांच्या घरात जन्म

मारी फ्रान्स्वा झाविए बिशा यांचा जन्म नोव्हेंबर 1771 मध्ये पूर्व फ्रान्समधील ज्युरा डोंगराळ प्रदेशातल्या त्वारेत या लहान गावी झाला. वडील डॉक्टर होते, त्यामुळे घरात रुग्णांची ये-जा आणि आजारांच्या गप्पा रोजच्याच होत्या. शालेय शिक्षण नांत्युआ येथे आणि पुढे ल्यों शहरात झाले. ल्योंच्या मोठ्या रुग्णालयात मार्क-आंत्वान पेती या नामांकित शल्यचिकित्सकाच्या हाताखाली त्यांनी शरीररचना आणि शस्त्रक्रिया शिकायला सुरुवात केली.

पण काळ शांत नव्हता. 1789 मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. 1792 मध्ये क्रांतिकारी सरकारने जुनी विद्यापीठे आणि वैद्यकीय विद्यालये बंद केली. देश युद्धात उतरला होता आणि जखमी सैनिकांवर उपचार करायला डॉक्टर हवे होते. बिशा यांनीही काही काळ लष्करी जखमींची सेवा केली. 1793 मध्ये ल्यों शहराने पॅरिसच्या सरकारविरुद्ध बंड केले, सरकारी फौजेने शहराला वेढा घातला आणि नंतर तेथे मोठी कत्तल झाली. त्याच वर्षी बिशा पॅरिसला पोचले. वय 21. शहरात गिलोटिन चालू होते. ज्यांच्या रसायनशास्त्राचा पुढे बिशा यांच्या विचारांवर ठसा उमटला, ते लाव्हाझिए पुढच्याच वर्षी, 8 मे 1794 रोजी, त्या गिलोटिनखाली गेले.

देझो यांच्या घरी

पॅरिसचे सर्वांत जुने रुग्णालय म्हणजे ऑतेल-द्यू. गोरगरिबांचा तो शेवटचा आधार होता. क्रांतीच्या आधी, 1788 साली, तेनों या शल्यचिकित्सकाने तेथील परिस्थितीचा अहवाल लिहिला होता. एकेका खाटेवर चार-चार, सहा-सहा रुग्ण कोंबलेले असत, त्यात मरणोन्मुखही असत. अशा रुग्णालयात पिएर-जोझेफ देझो हे मुख्य शल्यचिकित्सक होते. विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेजवळ नेऊन शिकवण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

देझो यांच्या वर्गाची एक पद्धत होती. आदल्या दिवशीच्या व्याख्यानाचा सारांश दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने सर्वांसमोर सांगायचा. एके दिवशी ज्याची पाळी होती तो आलाच नाही. विषय होता गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाचा अस्थिभंग. नव्याने आलेले बिशा उभे राहिले. सारांश इतका नेमका, इतका मुद्देसूद होता की वर्ग थक्क झाला. ही गोष्ट देझो यांच्या कानावर गेली. त्यांनी बिशा यांना बोलावून घेतले, आपल्या घरातच राहायला जागा दिली आणि मुलासारखे वागवले.

तेव्हापासून बिशा यांचा दिवस रुग्णालयात जाई आणि रात्र देझो यांच्या लिखाणात. रुग्ण तपासायचे, शस्त्रक्रियेला हात द्यायचा, बाहेरगावाहून आलेल्या पत्रांना उत्तरे लिहायची, देझो यांच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकाचे काम पाहायचे, आणि उरलेल्या वेळात स्वतःचे वाचन.

हे दोन वर्षेही टिकले नाही. 1 जून 1795 रोजी देझो अचानक वारले. त्या दिवसांत ते तुरुंगात ठेवलेल्या आजारी राजपुत्रावर उपचार करत होते. आठवड्याभरातच तो दहा वर्षांचा मुलगाही गेला. साहजिकच पॅरिसमध्ये विषप्रयोगाच्या अफवा पसरल्या.

बिशा तेव्हा अवघे 23 वर्षांचे होते. आश्रयदाता गेला होता. मोठी नोकरी नव्हती, पैसा नव्हता. त्यांनी स्वतःची वाट धरली असती तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते त्याच घरात राहिले. देझो यांची पत्नी आणि मुलगा यांना त्यांनी आधार दिला. नियतकालिकाचा राहिलेला शेवटचा भाग पुरा केला, गुरूचे चरित्र लिहिले आणि विखुरलेली टिपणे जमवून त्यांचे शल्यचिकित्सेवरचे ग्रंथ गुरूच्याच नावाने छापून आणले. स्वतःचा पहिला मोठा ग्रंथ त्यांनी त्यानंतर लिहिला.

अवयव नव्हे, वस्त्र

1796 मध्ये काही तरुण डॉक्टरांसोबत त्यांनी एक वैद्यकीय मंडळ स्थापन केले. दर बैठकीत निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायची. पुढच्या वर्षीपासून त्यांनी शरीररचनेचे खासगी वर्ग सुरू केले. सकाळी व्याख्यान, दुपारी विच्छेदन, संध्याकाळी पुन्हा विद्यार्थी. श्रम इतके की एकदा त्यांच्या थुंकीतून रक्त पडले. पॅरिसमध्ये तेव्हा क्षयरोगाचा सुळसुळाट होता. काही काळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. बरे वाटताच ते पुन्हा विच्छेदनगृहात हजर झाले.

याच सुमारास त्यांनी सांध्यांच्या पडद्यावर निबंध लिहिला. त्यातील विचार असा होता. फुप्फुसाभोवती एक आवरण असते, हृदयाभोवती असते, पोटातील आतड्यांवरही असते. तिन्ही पातळ, गुळगुळीत, चकचकीत आणि ओलसर. तिन्ही स्वतःत मिटलेल्या पिशवीसारखी. त्यांना कोठेही वेगळी ग्रंथी नसते, तरी त्यांच्या पृष्ठभागावर ओल येते, आणि त्या ओलीमुळे अवयव एकमेकांवर न घासता सरकतात. सांध्यातला पडदाही तसाच दिसतो आणि कामही तेच करतो. मग त्याच्यासाठी ग्रंथी कशाला शोधायच्या?

येथून त्यांना मोठा प्रश्न दिसला. तोपर्यंत शरीररचना म्हणजे अवयवांची यादी होती. हृदय, यकृत, जठर, मेंदू. आजारही अवयवांचे. इटलीतील मोर्गान्यी यांनी 1761 मध्ये आजार अवयवांत कोठे बसलेला असतो हे दाखवून दिले होते, आणि ती फार मोठी पायरी होती. पॅरिसमधील पिनेल यांनी 1798 च्या आपल्या ग्रंथात सुचवले की एकसारख्या पडद्यांचे दाह एकसारखे असतात. बिशा यांनी ही सूचना पुढे नेली. त्यांचे म्हणणे होते की अवयव ही शेवटची पातळी नाही. जठर हा एक अवयव खरा, पण त्याला आतून एक अस्तर आहे, मधे स्नायूंचा थर आहे, बाहेर वेगळे आवरण आहे. आतले अस्तर तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तराचे भावंड आहे. बाहेरचे आवरण फुप्फुसाच्या आवरणाचे भावंड आहे. म्हणजे एकाच अवयवात वेगवेगळ्या घराण्यांचे थर राहतात, आणि एकच घराणे अनेक अवयवांत पसरलेले असते.

या थरांसाठी त्यांनी फ्रेंच भाषेतला ‘तिस्यू’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ विणलेले कापड. इंग्रजीतला टिश्यू तो हाच. आणि येथे मराठी वाचकाला एक गंमत सापडेल. टिश्यूसाठी आपल्या पाठ्यपुस्तकांत जो ऊती किंवा ऊतक हा शब्द आहे, तोही विणण्यावरूनच आला आहे. संस्कृतात ऊत म्हणजे विणलेले. आपण एखादी गोष्ट आनंदाने ओतप्रोत भरली आहे म्हणतो, त्या ओतप्रोत शब्दातही तेच विणकाम आहे, उभा धागा आणि आडवा धागा. बिशा यांच्यानंतर 1819 साली या शास्त्राला हिस्टॉलॉजी हे नाव मिळाले, त्यातला ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजेही माग किंवा मागावरचे कापड. तीन भाषा, तीन शब्द, आणि तिन्हींत विणकराचा माग.

पडद्यांवरचा त्यांचा ग्रंथ 1799-1800 च्या हिवाळ्यात आला. त्यात पडद्यांचे तीन मुख्य गट होते. तोंड, श्वसनमार्ग आणि पचनमार्गाच्या आतले चिकट स्रावाचे श्लेष्मल पडदे. फुप्फुस, हृदय आणि पोटातील अवयवांभोवतीचे पाणीदार सिरस पडदे. आणि हाडांवरील किंवा मेंदूबाहेरील चिवट, तंतुमय पडदे. सांध्यातील सायनोव्हियल पडदा सिरस पडद्यांचा जवळचा नातेवाईक, पण वेगळा. मेंदूभोवतीच्या आवरणांपैकी कोळ्याच्या जाळ्यासारख्या पातळ थराला, म्हणजे अरॅक्नॉइडला, त्यांनी सिरस पडद्यांमध्ये जागा दिली. 1813 मध्ये बोस्टन येथे या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्यांचे विचार इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचले.

सहाशे मृतदेह

1801 मध्ये आलेल्या सामान्य शरीररचनेवरील चार खंडांच्या ग्रंथात त्यांनी ही यादी 21 ऊतींपर्यंत नेली. सायनोव्हियल ऊती त्यांपैकी एक. लाव्हाझिए यांनी रसायनशास्त्रात मूलद्रव्यांची यादी केली होती. थोड्या मूलद्रव्यांपासून असंख्य पदार्थ बनतात. तसेच थोड्या ऊतींपासून सगळे अवयव बनतात, अशी बिशा यांची मांडणी होती.

हे सारे त्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय केले. त्या काळातील सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांतून रंगीत कडा आणि धूसर आकृत्या दिसत. ज्याला जे पाहायचे असे, त्याला ते दिसे. बिशा यांचा त्या यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांची साधने साधी होती. ऊतीचा तुकडा उकळायचा, वाळवायचा, पाण्यात भिजत ठेवून कुजू द्यायचा, आम्लात आणि क्षारात टाकायचा आणि काय होते ते पाहायचे. डोळे, बोटे आणि नाक यांवर भिस्त. ज्या दोन तुकड्यांचे वर्तन सारखे, ते एका घराण्याचे.

यासाठी मृतदेह लागत. गिलोटिनने शिक्षा झालेल्यांच्या देहांवर थोड्याच वेळात प्रयोग करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. ऑतेल-द्यूमध्ये दगावलेल्या गरीब रुग्णांचे विच्छेदन तर रोजचेच. एका हिवाळ्यात त्यांनी सहाशेहून अधिक मृतदेह उघडले, अशी नोंद त्यांचे चरित्रकार करतात. आज शवविच्छेदनगृहात हातमोजे असतात, हवा खेळती ठेवण्याची सोय असते. तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. जंतूंमुळे रोग होतात हे कळायला अजून साठ-सत्तर वर्षे होती. बिशा कित्येकदा रात्रही विच्छेदनगृहातच काढत, असे सांगतात. ज्या देहांतून ही विद्या निघाली ते बहुतेक अनामिक, गरीब माणसांचे होते. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. आज आपल्याकडे माणूस स्वतःच्या इच्छेने देहदानाचा अर्ज भरतो, तो या इतिहासानंतरचा फार मोठा बदल आहे.

1800 मध्येच त्यांचा जीवन आणि मृत्यू या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या मते जीवन म्हणजे मृत्यूशी सतत चाललेला झगडा होता. मृत्यू तीन दारांनी येतो, हृदय, फुप्फुसे किंवा मेंदू, आणि एक बंद पडले की उरलेली दोन कोणत्या क्रमाने थांबतात, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून तपासले. अतिदक्षता विभागातील डॉक्टर आजही गंभीर रुग्ण समोर आला की आधी याच तीन गोष्टींकडे पाहतात.

तिशीच्या आतच त्यांची ऑतेल-द्यूमध्ये डॉक्टर म्हणून नेमणूक झाली.

जिन्यावरून पडणे

जुलै 1802. पॅरिसमध्ये कडक उन्हाळा. बिशा यांनी त्वचेचे तुकडे पाण्यात कुजत ठेवले होते. दुर्गंधी असह्य झाली होती, सोबतचे विद्यार्थी निघून गेले होते, ते मात्र निरीक्षण करत राहिले. 8 जुलैला काम आटोपून ऑतेल-द्यूचा जिना उतरताना ते पडले. डोक्याला मार लागला, काही क्षण शुद्ध हरपली. घरी आणले. दुसऱ्या दिवशी डोके दुखत असतानाही ते रुग्ण पाहायला गेले, असे सांगतात. मग ताप चढला, ग्लानी वाढत गेली. देझो यांच्या पत्नीने त्यांची शुश्रूषा केली. सात वर्षांपूर्वी त्या घराला त्यांनी आधार दिला होता. कॉर्व्हिसार यांच्यासारखे नामवंत डॉक्टर उपचार करत होते. पण 22 जुलै 1802 रोजी बिशा यांचे निधन झाले.

मृत्यूचे कारण काय असावे, यावर नंतरच्या डॉक्टरांनी बरेच तर्क केले. डोक्याचा मार, कुजक्या ऊतींतून झालेला संसर्ग किंवा आधीच्या क्षयरोगाने मेंदूच्या आवरणांना झालेला दाह. शेवटचा तर्क खरा असेल, तर ज्या पडद्यांचा त्यांनी अभ्यास केला त्यांच्याच आजाराने ते गेले असे म्हणावे लागेल.

कॉर्व्हिसार यांनी नेपोलियनला पत्र लिहून ही बातमी कळवली. इतक्या थोड्या वयात इतके आणि इतके चांगले काम कोणी केले नाही, असा त्या पत्राचा आशय होता. नेपोलियनने ऑतेल-द्यूमध्ये देझो आणि बिशा या गुरुशिष्यांच्या नावाचे एकत्र स्मारक उभारण्याचा आदेश दिला. अपुरा राहिलेला शरीररचनेवरचा शेवटचा ग्रंथ बिशा यांच्या शिष्यांनी पूर्ण केला. गुरूसाठी त्यांनी जे केले, तेच त्यांच्या शिष्यांनी त्यांच्यासाठी केले.

1845 मध्ये त्यांचे अवशेष पेर लाशेझ या प्रसिद्ध दफनभूमीत हलवण्यात आले. तेव्हा कबरीत कवटी नव्हती. ती शिष्य रू यांनी इतकी वर्षे जपून ठेवली होती आणि त्या वेळी परत दिली. त्या कवटीतही एक चिमटा होता. मेंदूचे दोन्ही भाग सममित असले तरच विचार नीट चालतात, असे बिशा यांचे मत होते. त्यांची स्वतःची कवटी मात्र दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती.

काय टिकले, काय गळाले

बिशा यांचे सगळेच बरोबर नव्हते. सजीवांच्या ऊतींत काही खास जीवनशक्ती असते आणि ती भौतिकशास्त्राच्या नियमांत बसत नाही, असे ते मानत. पुढच्या शास्त्रज्ञांनी हे मत सोडून दिले. सूक्ष्मदर्शकाला त्यांनी दूर ठेवले, पण 1830 च्या सुमारास भिंगे सुधारली. 1838-39 मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी पेशी सिद्धांत मांडला. 1858 मध्ये व्हिर्चो यांनी आजाराचे मूळ पेशीत शोधले. बिशा यांच्या 21 ऊतींची यादी मोडली. आज आपण चार मूळ प्रकार शिकतो : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती.

सायनोव्हियल पडद्याबाबतही दुरुस्ती झाली. फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणावर पेशींचा सलग थर असतो. सांध्यातील पडद्यावर तसा सलग थर नाही. तेथे दोन प्रकारच्या पेशी सैलसर मांडलेल्या असतात. एक प्रकार कचरा गिळून साफसफाई करतो, दुसरा वंगणाला चिकटपणा देणारे हायलुरॉनिक आम्ल बनवतो. बाकीचा द्रव रक्तातून पाझरून येतो. म्हणजे सिरस पडद्याशी असलेले नाते बिशा समजत होते तितके जवळचे निघाले नाही. पण वंगण पडद्यातूनच येते, हा त्यांचा मूळ मुद्दा योग्य होता.

आणि त्यांची विचार करण्याची रीत टिकली. 1802 मध्येच, वयाच्या विशीत, लेनेक यांनी पोटाच्या आवरणाच्या दाहावर निबंध लिहिला आणि हा आतड्यांचा नव्हे तर त्यांवरील पडद्याचा आजार आहे हे ठळक केले. पुढे स्टेथोस्कोप बनवणारे ते हेच लेनेक. न्यूमोनिया हा फुप्फुसाचा आणि प्लुरसी हा त्याच्या आवरणाचा आजार, हा फरक आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो. क्षयरोग छातीत, हृदयाभोवती किंवा पोटात पाणी करतो तेव्हा तो तीन ठिकाणच्या एकाच जातीच्या पडद्यांना धरतो, हे समजायला बिशा यांचीच दृष्टी कामी येते. ल्युपससारख्या आजारात छातीत आणि हृदयाभोवती एकाच वेळी पाणी का होते, याचे उत्तरही त्याच वाटेने सापडते.

साहित्यातही ते पोचले. जॉर्ज एलियट यांच्या ‘मिडलमार्च’ या कादंबरीतील तरुण डॉक्टर लिडगेट बिशा यांना आदर्श मानतो आणि सगळ्या ऊतींचे मूळ असलेली एकच ऊती शोधण्याचे स्वप्न पाहतो. पॅरिसमध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय आहे. आयफेल टॉवरवर कोरलेल्या 72 नावांत त्यांचे नाव आहे. आणि गालाच्या आतील चरबीचा जो गोळा हल्ली गाल चपटे दिसावेत म्हणून काढून टाकण्याची फॅशन आली आहे, त्यालाही बिशा यांचेच नाव आहे.

रिपोर्टवरचा शब्द

आता पुन्हा त्या एमआरआय रिपोर्टकडे येऊ. सायनोव्हियल पडदा सुजण्याची कारणे अनेक. गुडघ्याला मार लागणे, झीज, गाउट, जंतुसंसर्ग, क्षयरोग आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणजे आमवात. झीज प्रामुख्याने हाडांच्या टोकांवरील कूर्चेची असते, पडदा नंतर चिडतो. आमवातात उलट होते. शरीराची प्रतिकारशक्ती आधी पडद्यावर हल्ला करते, पडदा फुगतो, कूर्चेवर पसरतो आणि ती व हाड पोखरू लागतो. दोन्हींत सांधाच दुखतो, पण सुरुवात वेगवेगळ्या ऊतींत होते, म्हणून उपचारही वेगळे. झिजेला व्यायाम, वजन कमी करणे आणि वेदनाशामके पुष्कळ अंशी पुरतात. आमवातात मात्र वेदनाशामकांवर महिने काढले तर सांधे कायमचे वाकडे होतात. तेथे प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे लवकर सुरू करावी लागतात.

सकाळी उठल्यावर बोटे तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेली राहणे, दोन्ही हातांचे लहान सांधे एकदम सुजणे, हे सहा आठवड्यांहून अधिक टिकणे, ही लक्षणे वयाची म्हणून सोडून देऊ नयेत. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण सांध्यातील पू काही दिवसांत सांधा निकामी करतो. अशा वेळी डॉक्टर सुईने सांध्यातील द्रव काढतात. तो निरोगी असेल तर फिकट, पारदर्शक आणि अंड्याच्या बलकासारखा ताणला जाणारा असतो. गढूळ किंवा पाण्यासारखा पातळ झाला असेल तर पडदा आजारी आहे. त्याची तपासणी अनेकदा एमआरआयपेक्षा जास्त सांगून जाते. म्हणून सांध्यातील पाणी तपासायला सांगितले तर भिऊन नकार देऊ नये.

पॅरासेल्ससने घडवलेला एक विचित्र शब्द दवाखान्यात रोज लिहिला जातो. दुखणाऱ्या सांध्यात नेमका कोणता थर आजारी आहे, हा प्रश्न विचारण्याची सवय डॉक्टरांना बिशा यांच्यामुळे लागली. रुग्णानेही आपल्या डॉक्टरला तो अवश्य विचारावा.